अपडेटनंतर टर्मिनलमधील व्हिम बिघडल्यास: नवशिक्यांसाठी तपासणीचा क्रम

सर्व्हरचे अपडेट होते, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे व्हिम हे मजकूर संपादनाचे साधन (एडिटर) उघडले जाते आणि बाणांच्या कळा दाबताच मजकुरात ए, बी, सी, डी अशी अक्षरे उमटू लागतात. कधी रंग उडालेले असतात, तर कधी पडद्याच्या कोपऱ्यात कोणीही न लिहिलेले अंक आणि अर्धविराम दिसतात. अशा वेळी नवशिका माणूस बहुधा एडिटर पुन्हा इन्स्टॉल करतो किंवा इंटरनेटवर सापडलेल्या दहा-बारा ओळी सेटिंगच्या फाईलीत चिकटवतो. पहिल्या उपायाने सहसा काही साधत नाही आणि दुसऱ्याने पुढच्या अपडेटच्या वेळी नवा गुंता तयार होतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी, तसेच लहान कार्यालयांत लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचे काम नुकतेच अंगावर आलेले कर्मचारी यांच्यासाठी हा तपासणीचा क्रम लिहिला आहे.

कमांड, सेटिंग आणि फाईलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान लिपीत लिहावीत. आडवी रेघ, बिंदू, बरोबरचे चिन्ह जसे छापले आहे तसेच ठेवावे.

उदाहरणासाठी सावदा येथील केळी खरेदीचे एक कार्यालय डोळ्यांसमोर ठेवू. तेथे उबुंटू लिनक्सचा एक सर्व्हर आहे आणि त्यावर रोजच्या भावांची साधी मजकूर फाईल आहे, जिच्यात नवती, पिलबाग, वापसी असे केळीच्या मालाच्या प्रकारांचे रकाने आहेत. कार्यालयातील कारकून विंडोजवरील पुटी नावाच्या टर्मिनलमधून सर्व्हरवर जातो. हिशेब पाहणारी व्यक्ती भुसावळहून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, लिनक्स लॅपटॉपमधील किटी नावाच्या टर्मिनलमधून जाते. फाईल एक, एडिटर एक, पण अपडेटनंतर दोघांच्या तक्रारी वेगवेगळ्या असू शकतात.

गोंधळ नेमका कुठे होतो

टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर पडद्यावर स्वतः काहीच काढत नाही. तो अक्षरांचा एक प्रवाह पाठवतो आणि त्या प्रवाहातच खुणा पेरलेल्या असतात: कर्सर अमुक ओळीवर न्यावा, येथून पुढे लाल रंग लावावा, पडदा पुसावा. उलट दिशेने, आपण बाणाची कळ दाबली की टर्मिनल एस्केप या अदृश्य चिन्हाने सुरू होणारी दोन-तीन अक्षरे एडिटरकडे धाडते. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून सौदा ठरतो, तेव्हा कोणत्या बोटाचा अर्थ काय हे दोघांनाही सारखेच ठाऊक असावे लागते. टर्मिनल आणि एडिटर यांचा व्यवहारही असाच खुणांवर चालतो.

आज वापरात असलेल्या बऱ्याच खुणा १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आणलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलपासून चालत आल्या आहेत. मात्र सर्व टर्मिनले सारखी नसतात, म्हणून प्रत्येक प्रकारच्या टर्मिनलच्या खुणा नोंदवलेला टर्मइन्फो नावाचा संग्रह लिनक्सवर ठेवलेला असतो. आपण कोणत्या टर्मिनलमध्ये आहोत हे एडिटरला टर्म या चलावरून कळते. एडिटर ते नाव वाचतो, संग्रहातली त्या नावाची नोंद उघडतो आणि तिच्यातल्या खुणा वापरू लागतो.

याचा अर्थ बिघाडाच्या जागा तीन आहेत: टर्मिनल, टर्म व त्यामागची नोंद, आणि एडिटर. मध्ये टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) किंवा एसएसएच (दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याची सोय) असेल तर आणखी एक दुवा वाढतो. अपडेटने यांपैकी एकच बदलते आणि बाकीचे जुन्या समजुतीवर चालू राहतात. पुढील सर्व पायऱ्यांचा हेतू एवढाच, की सेटिंगला हात लावण्यापूर्वी नेमके काय बदलले ते शोधावे.

आधी फाईल सुरक्षित करावी

पडदा गोठला असेल आणि एकही कळ चालत नसेल, तर सर्वप्रथम कंट्रोल आणि क्यू दाबून पाहावे. विंडोजच्या सवयीने फाईल जतन करण्यासाठी कंट्रोल-एस दाबले गेले, की टर्मिनल पडद्यावर लिहिणे थांबवते आणि कंट्रोल-क्यू मिळेपर्यंत थांबूनच राहते. या प्रकाराचा अपडेटशी काही संबंध नसतो. तरीही अपडेटच्या दिवशी घडला की दोष अपडेटवरच येतो. तो कायमचा टाळायचा असल्यास घरच्या फोल्डरमधील '.बॅशआरसी' या फाईलीत 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ घालावी.

पडद्यावर जुन्या-नव्या ओळींची सरमिसळ झाली असेल, तर व्हिममध्ये एस्केप दाबून कंट्रोल-एल दाबावे, म्हणजे पडदा नव्याने रंगवला जातो. बाणांच्या कळा चालत नसल्या तरी एच, जे, के, एल या कळांनी कर्सर अनुक्रमे डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे हलतो. बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज व्हीआय १९७६ च्या सुमारास एडीएम-३ए या टर्मिनलवर लिहिला आणि त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. साधी अक्षरे असल्यामुळे या कळांना कोणत्याही खुणेची गरज लागत नाही. म्हणून इतर सर्व बिघडलेले असतानाही त्या चालतात आणि फाईल जतन करून बाहेर पडण्यापुरता आधार देतात.

बाहेर आल्यावर शेलमध्येही, म्हणजे कमांड लिहिण्याच्या ओळीवरही, टाइप केलेले दिसत नसेल, तर न दिसताच 'रीसेट' असे टाइप करून एंटर दाबावे.

मे महिन्यात दुपारी वीज गेली किंवा हॉटस्पॉट तुटला आणि व्हिम अर्ध्यावर बंद पडले, तर पुढच्या वेळी फाईल उघडताना ई३२५ क्रमांकाची सूचना येते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. व्हिमने जतन न झालेला मजकूर शेवटी '.एसडब्ल्यूपी' असलेल्या लपलेल्या स्वॅप फाईलीत ठेवलेला असतो. 'व्हिम -आर' आणि पुढे फाईलीचे नाव दिल्यास तो परत मिळतो. मात्र तीच फाईल दुसऱ्या खिडकीत किंवा दुसऱ्या माणसाकडे उघडी असली, तरीही हीच सूचना येते. म्हणून आधी ते तपासावे, परत मिळालेला मजकूर पाहून जतन करावा आणि त्यानंतरच स्वॅप फाईल पुसावी.

कशाचे अपडेट झाले ते पाहावे

उबुंटू आणि डेबियनवर '/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग' या फाईलीत प्रत्येक अपडेटची तारीख, वेळ आणि बदललेल्या पॅकेजांची जुनी व नवी आवृत्ती लिहिलेली असते. 'लेस' या कमांडने ती उघडावी आणि मोठा जी दाबून शेवटी जावे. फेडोरा व तत्सम वितरणांवर हेच काम 'डीएनएफ हिस्टरी' करते. यादीत व्हिम, एनकर्सेस, टीमक्स, ओपनएसएसएच यांपैकी काय आहे ते टिपून घ्यावे. एनकर्सेसचे नाव दिसले तर टर्मइन्फोच्या नोंदी बदलल्या असण्याची शक्यता लक्षात ठेवावी, कारण त्या नोंदी त्याच प्रकल्पातून येतात.

उबुंटूची संपूर्ण आवृत्तीच बदलली असेल, तर व्हिमने मोठी झेप घेतलेली असते. उबुंटू १८.०४ मध्ये व्हिम ८.०, २२.०४ मध्ये ८.२ आणि २४.०४ मध्ये ९.१ आहे. या टप्प्यांत व्हिम टर्मिनलला पूर्वीपेक्षा जास्त प्रश्न विचारू लागले, आणि पुढे वर्णन केलेल्या बऱ्याच तक्रारी त्या प्रश्नोत्तरांतूनच निघतात.

सर्व्हरच्या यादीत काहीच संशयास्पद नसेल तर स्वतःच्या संगणकाकडे पाहावे. लॅपटॉपवर किटीची किंवा विंडोजवर पुटीची नवी आवृत्ती आली असेल, तर दोष सर्व्हरवर शोधून सापडणार नाही. ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या माथी दोष येतो.

कोरे व्हिम उघडून पाहावे

'व्हिम --क्लीन' असे लिहून व्हिम उघडल्यास आपली '.व्हिमआरसी' ही सेटिंगची फाईल आणि प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) बाजूला राहतात. तक्रार नाहीशी झाली तर दोष आपल्या '.व्हिमआरसी' मध्ये किंवा एखाद्या प्लगइनमध्ये आहे. तक्रार तशीच राहिली तर तो टर्मिनलकडे किंवा टर्म या चलाकडे आहे. या एका चाचणीने निम्मे काम होते, म्हणून ती कधीही गाळू नये. निओव्हिम या व्हिमपासून निघालेल्या एडिटरमध्ये 'एनव्हिम --क्लीन' आहे. त्याशिवाय आत जाऊन ':चेकहेल्थ' दिल्यास तो स्वतःच टर्मिनलसंबंधी अडचणी वाचून दाखवतो. नॅनो वापरणाऱ्यांनी 'नॅनो -आय' द्यावे, येथे आय मोठ्या लिपीत. ईमॅक्ससाठी 'ईमॅक्स -क्यू -एनडब्ल्यू', येथे क्यू मोठ्या लिपीत.

दोष '.व्हिमआरसी' मध्ये आहे असे ठरल्यास फाईलीची प्रत काढून ठेवावी, अर्ध्या ओळींच्या सुरुवातीला दुहेरी अवतरणचिन्ह घालून त्या निष्क्रिय कराव्यात आणि व्हिम पुन्हा उघडावे. तक्रार ज्या अर्ध्या भागात उरते त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. शंभर ओळींची फाईल असली तरी सात-आठ फेऱ्यांत दोषी ओळ हाती लागते.

येथेच आणखी एक गोष्ट तपासावी. 'व्हीआय --व्हर्जन' दिल्यावर पहिल्या काही ओळींत टायनी किंवा स्मॉल असा शब्द आहे का ते पाहावे. उबुंटू आणि डेबियनवर सुरुवातीला व्हिमची छोटी आवृत्तीच असते आणि मोठ्या अपडेटनंतर पूर्ण व्हिम निघून जाऊन ती एकटी उरल्याचेही दिसते. बाणांच्या जागी ए, बी, सी, डी उमटणे, तसेच बॅकस्पेसने आधी लिहिलेली अक्षरे न पुसली जाणे ही तिची ठरलेली लक्षणे आहेत, कारण ती जुन्या व्हीआयसारखी वागते. 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हिम' दिल्यावर (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) दोन्ही तक्रारी जातात. प्रयोगशाळेतील संगणकावर इन्स्टॉल करण्याची परवानगी नसेल, तर '.व्हिमआरसी' मध्ये 'सेट नोकंपॅटिबल' आणि 'सेट बॅकस्पेस=इंडेंट,ईओएल,स्टार्ट' या दोन ओळींवर भागते.

टर्म या चलाची तपासणी

शेलमध्ये 'एको $टर्म' असे लिहावे. यातील टर्म ही चारही अक्षरे मोठ्या लिपीत हवीत. बहुतेक टर्मिनलांत उत्तर 'एक्सटर्म-२५६कलर' असे येते. टीमक्सच्या आत 'टीमक्स-२५६कलर' किंवा 'स्क्रीन-२५६कलर' यायला हवे आणि मॉनिटरवरील मूळ काळ्या पडद्यावर 'लिनक्स'. त्यानंतर 'टीपुट कलर्स' द्यावे. याचे स्पेलिंग टी-पी-यू-टी असे आहे. उत्तर २५६ आले तर रंगांची बाजू ठीक आहे. ८ आले तर टर्म चुकीचे बसले आहे किंवा टर्मिनल स्वतःला जुन्या नावाने सांगत आहे.

पुटीची सुरुवातीची सेटिंग नुसते 'एक्सटर्म' असे नाव पाठवते. सावद्याच्या कारकुनाचे रंग फिके दिसत असतील तर पुटीच्या खिडकीत कनेक्शन, त्याखाली डेटा येथे जावे, टर्मिनलच्या प्रकाराच्या चौकटीत 'एक्सटर्म-२५६कलर' लिहावे आणि सेशन जतन करावे. नाहीतर पुढच्या वेळी जुनेच मूल्य परत येते.

भुसावळच्या व्यक्तीची अडचण वेगळी आहे. किटी आपले नाव 'एक्सटर्म-किटी' असे सांगते, एसएसएच ते नाव जसेच्या तसे सर्व्हरवर पोचवते, आणि त्या नावाची नोंद सर्व्हरच्या संग्रहात नसेल तर व्हिम ई५५८ ही चूक दाखवते. नॅनो तर टर्मिनल उघडता येत नाही एवढे सांगून बंद होतो. तातडीचे काम असेल तर 'टर्म=एक्सटर्म-२५६कलर व्हिम' आणि पुढे फाईलीचे नाव असे एकाच ओळीत लिहावे (टर्म येथेही मोठ्या लिपीत); हा बदल त्या एका कमांडपुरताच राहतो.

कायमचा उपाय म्हणजे नोंद सर्व्हरवर पोचवणे. लॅपटॉपवर 'इन्फोसीएमपी -एक्स एक्सटर्म-किटी' या कमांडचे उत्तर एका फाईलीत साठवावे, ती फाईल 'एससीपी'ने सर्व्हरवर न्यावी आणि तेथे 'टिक -एक्स' (स्पेलिंग टी-आय-सी) व पुढे तिचे नाव द्यावे. प्रशासकाचे अधिकार नसले तरी चालते, कारण नोंद तेव्हा घरच्या फोल्डरमधील '.टर्मइन्फो' मध्ये बसते. मग सुडो लावून व्हिम उघडल्यावर मात्र तीच चूक पुन्हा दिसू शकते, कारण रूट या प्रशासक-खात्याचे घर वेगळे असते. अशा फाईलींसाठी 'सुडोएडिट' वापरावे. त्यात एडिटर आपल्याच नावाने चालतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही तीच सवय बरी.

एक सल्ला इंटरनेटवर वारंवार दिसतो: '.बॅशआरसी' मध्ये टर्मला हाताने 'एक्सटर्म-२५६कलर' हे मूल्य द्यावे. तसे करू नये. त्यामुळे त्या दिवशीची तक्रार मिटते खरी, पण टीमक्समध्ये, मूळ काळ्या पडद्यावर, किंवा दुसऱ्या कोणत्याही टर्मिनलमध्ये गेल्यावरही एडिटरला तेच खोटे नाव सांगितले जाते. आपले नाव सांगणे हे टर्मिनलचे काम आहे. अपडेटपूर्वी कोणी अशी ओळ घालून ठेवली असेल, तर ती आता काढून पाहावी.

पडद्यावर आपोआप उमटणारी अक्षरे

सुरू होताना व्हिम टर्मिनलला काही प्रश्न विचारते: तुझी आवृत्ती कोणती, कर्सर कोणत्या रकान्यात आहे, पार्श्वभूमीचा रंग कोणता. टर्मिनलची उत्तरे कळांप्रमाणेच येतात. वाहिनी संथ असेल तर उत्तर उशिरा पोचते आणि व्हिम त्याला आपण टाइप केलेला मजकूर समजते. म्हणूनच कार्यालयात तारेच्या जोडणीवर न दिसणारी तक्रार हॉटस्पॉटवर दिसते.

उमटलेल्या अक्षरांचे शेवटचे अक्षर नीट पाहावे, कारण त्यावरून प्रश्न ओळखता येतो. मोठेपणाचे चिन्ह, अर्धविरामांनी जोडलेले अंक आणि शेवटी लहान सी असेल, तर ते आवृत्तीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, '.व्हिमआरसी' मध्ये 'सेट टी_आरव्ही=' ही ओळ घातली की व्हिम तो प्रश्न विचारत नाही. येथे टी लहान, आर आणि व्ही मोठे, आणि बरोबरच्या चिन्हापुढे काहीही नाही. दोन अंक आणि शेवटी मोठा आर असेल तर ते कर्सरच्या जागेचे उत्तर आहे. विंडोजमधील डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) ही तक्रार विशेष आढळते आणि तिचे रूप फसवे असते: व्हिम उघडताच खाली रिप्लेस असे दिसते आणि आपण लिहू ते जुन्या अक्षरांवर चढते, कारण मोठा आर ही व्हिममध्ये रिप्लेस अवस्थेत जाण्याची कळ आहे. त्यावर 'सेट टी_यू७=' ही ओळ पुरते.

शेवटी लहान एम आणि त्याआधी ४;२ असे काही दिसत असेल, तर तो टर्मिनलने दिलेल्या उत्तराचा प्रकार नव्हे. कंट्रोल, शिफ्ट यांच्या जोडकळा वेगवेगळ्या ओळखता याव्यात म्हणून नवे व्हिम टर्मिनलला एक सूचना देते आणि जुने टर्मिनल ती न समजल्याने तिचा तुकडा छापून टाकते. त्यासाठी 'लेट &टी_टीआय=""' आणि 'लेट &टी_टीई=""' या दोन ओळी घालाव्यात; अधोरेखेनंतरची अक्षरे मोठी.

चिकटवलेल्या मजकुराच्या आधी २०० आणि नंतर २०१ हे अंक तरंगचिन्हासह दिसत असतील, तर आधीचा एखादा प्रोग्राम अर्ध्यावर बंद पडून टर्मिनल चिकटवण्याच्या विशेष अवस्थेत अडकलेले असते. बाहेर येऊन 'रीसेट' दिल्यास बहुधा सुटते.

या ओळी लागेल तेवढ्याच घालाव्यात, आणि वर कोणती तक्रार होती ते टिपणीत लिहून ठेवावे. सर्व ओळी एकदम घातल्यास तक्रारीबरोबर काही उपयोगी सोयीही बंद होतात आणि वर्षभराने त्यांचे कारण कोणालाच आठवत नाही.

रंग, माऊस आणि इतर किरकोळ तक्रारी

काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळी अक्षरे वाचता येत नसतील तर व्हिमचा पार्श्वभूमीचा अंदाज चुकला आहे; 'सेट बॅकग्राउंड=डार्क' लिहावे. रंग पूर्ण विचित्र दिसत असतील तर ':सेट नोटर्मजीयूआयकलर्स' देऊन पाहावे, कारण लक्षावधी रंगांची ही सोय प्रत्येक टर्मिनलला झेपत नाही. निओव्हिम ०.१० ही आवृत्ती मे २०२४ मध्ये आली. टर्मिनलला झेपत असल्यास ती ही सोय आपणहून सुरू करते, शिवाय तिने मूळ रंगसंगतीही बदलली. तेथे बिघाड काहीच नसतो. जुने रूप हवे असल्यास ':कलरस्कीम व्हिम' द्यावे. किटीमध्ये स्क्रोल करताना पार्श्वभूमीचे पट्टे पडत असतील तर 'लेट &टी_यूटी=""' लागते.

पुटीमध्ये उजव्या क्लिकने चिकटवणे अचानक बंद झाले, ही कारकुनाची तक्रार असणारच. व्हिम ८.० पासून, वापरणाऱ्याची स्वतःची '.व्हिमआरसी' नसेल तर, मूळ सेटिंगमध्ये माऊस व्हिमच्या ताब्यात जातो. शिफ्ट दाबून क्लिक केल्यास पुटीचे जुने वागणे मिळते; कायमचे हवे असल्यास 'सेट माऊस=' ही ओळ पुरते. मात्र ती ओळ घालण्यासाठी नवी '.व्हिमआरसी' तयार केली, की मूळ सेटिंगची फाईल वाचली जाणेच थांबते आणि रंगही नाहीसे होतात. म्हणून नव्या फाईलीच्या पहिल्याच ओळीत 'सोर्स $व्हिमरनटाइम/डिफॉल्ट्स.व्हिम' लिहावे, यातील व्हिमरनटाइम मोठ्या लिपीत, आणि आपल्या ओळी त्याखाली ठेवाव्यात.

बॅकस्पेस चुकत असेल तर शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून बॅकस्पेस दाबावे आणि दिसणारे चिन्ह 'एसटीटीवाय -ए' च्या उत्तरातील इरेझच्या चिन्हाशी जुळते का ते पाहावे; जुळत नसेल तर पुटीच्या कीबोर्ड विभागात १२७ हा पर्याय निवडावा. एस्केप दाबल्यावर व्हिम क्षणभर अडखळत असेल तर 'सेट टीटाइमआउट' या धाटणीच्या ओळी शोधत बसण्यापेक्षा आधी टीमक्समध्ये आहोत का ते पाहावे, कारण त्याच्या जुन्या आवृत्त्या एस्केपनंतर ५०० मिलिसेकंद वाट पाहतात, '.टीमक्स.कॉन्फ' मध्ये 'सेट -एसजी एस्केप-टाइम १०' लिहिल्याने ते थांबते.

टीमक्सबद्दल आणखी एकच सांगणे आहे. त्याचा सर्व्हर पार्श्वभूमीत आठवडेच्या आठवडे चालू राहतो आणि अपडेटनंतरही जुनाच प्रोग्राम स्मृतीत असतो. सेटिंग बदलून फरक पडत नसेल तर सर्व कामे जतन करून 'टीमक्स किल-सर्व्हर' द्यावे आणि नव्याने सुरुवात करावी. या कमांडने आतल्या सर्व खिडक्या बंद होतात, हे विसरू नये.

मराठी मजकूर असलेल्या फाईली

भावांच्या फाईलीतील नवती, पिलबाग ही अक्षरे जाऊन प्रत्येकाच्या जागी तीन-तीन अनोळखी चिन्हे दिसू लागली, तर भाषेची सेटिंग बदलली आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि यूटीएफ-८ न समजणारे टर्मिनल त्या तीन बाइटची तीन अक्षरे करते. 'लोकेल' ही कमांड द्यावी. उत्तरात नुसते सी किंवा पोझिक्स असेल तर 'सुडो लोकेल-जेन एमआर_आयएन.यूटीएफ-८' आणि त्यानंतर 'सुडो अपडेट-लोकेल लँग=एमआर_आयएन.यूटीएफ-८' देऊन पुन्हा लॉगिन करावे. यातील लँग, आयएन व यूटीएफ मोठ्या लिपीत. पुटीमध्ये विंडो, त्याखाली ट्रान्सलेशन येथेही यूटीएफ-८ च निवडलेले असावे. अक्षरे अशी बिघडलेली दिसत असताना फाईल जतन करू नये, ':क्यू!' देऊन बाहेर यावे.

अक्षरे बरोबर पण कर्सर भलतीकडे, हा प्रकार वेगळा आणि अधिक चिवट आहे. 'पिलबाग' या शब्दात युनिकोडची सहा चिन्हे आहेत, पण डोळ्यांना पि, ल, बा, ग अशी चारच अक्षरे दिसतात. व्हिम वेलांटी आणि काना यांना स्वतंत्र घर देत नाही, म्हणून त्याच्या हिशेबाने शब्द चार घरांचा होतो. काही टर्मिनले मात्र त्यांना प्रत्येकी एक घर देतात आणि सहा मोजतात. त्या ओळीवर कर्सर दोन घरे चुकतो आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. 'व्यापाऱ्याकडून' या शब्दातील ऱ्य तर आणखी त्रास देतो, कारण तो दोन प्रकारे टाइप होतो: खाली नुक्ता असलेला र घेऊन, किंवा साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. व्हिममध्ये अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ८ दाबल्यास त्याचे बाइट खाली दिसतात आणि भेद उघड होतो.

टर्मिनलच्या किंवा सिस्टीमच्या अपडेटमध्ये घरे मोजण्याचे तक्ते बदलतात, म्हणून काल सरळ दिसणारे रकाने आज वाकडे दिसू शकतात. '.व्हिमआरसी' मधील कोणतीही ओळ हे पूर्णपणे सुधारू शकत नाही आणि त्यासाठी तासन्‌तास घालवू नयेत. केडीईचा कॉन्सोल किंवा एमएलटर्म वापरून पाहावा. रोजचे मराठी काम मोठे असेल तर ती फाईल केट किंवा जीएडिटसारख्या खिडकीच्या एडिटरमध्ये उघडावी. रकाने मोकळ्या जागांनी जुळवण्याऐवजी स्वल्पविराम किंवा टॅबने तोडले, तर पडद्यावर कसेही दिसले तरी माहिती बिघडत नाही.

जुन्या आवृत्तीकडे परतणे

वरील सर्व करूनही काम अडले असेल, तरच हा मार्ग घ्यावा. 'एपीटी-कॅश पॉलिसी व्हिम' दिल्यावर उपलब्ध आवृत्त्या दिसतात; 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हिम=' आणि पुढे आवृत्तीचा पूर्ण क्रमांक दिल्यास ती बसते. व्हिम-कॉमन आणि व्हिम-रनटाइम ही पॅकेजेही त्याच आवृत्तीची लागतात, म्हणून तिन्हींची नावे एकाच कमांडमध्ये द्यावीत. नंतर 'सुडो एपीटी-मार्क होल्ड' आणि तीच तीन नावे दिल्यास पुढील अपडेट त्यांना हात लावत नाही. या अवस्थेत सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत. तेव्हा होल्ड लावल्याची तारीख सर्व्हरच्या नोंदवहीत लिहावी आणि दोष सापडताच 'अनहोल्ड' द्यावे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे अधिकार नसतात. तेथे प्रशासकाला नुसते व्हिम चालत नाही असे न कळवता 'व्हिम --व्हर्जन' च्या पहिल्या दोन ओळी, टर्मचे मूल्य, 'टीपुट कलर्स' चे उत्तर, आपल्या टर्मिनलचे नाव व आवृत्ती, आणि कोऱ्या व्हिममध्ये तक्रार राहते की जाते, एवढे लिहून पाठवावे.